जिरीला लावलेली सवय

यज्ञेश्वरराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि थोड्याच काळात त्यांची बायको शोभा गेली. पुसदच्या घरात मग ते आणि त्यांची मुलगी शाल्मली एवढेच उरले. शाल्मली तहसील कचेरीत नोकरीला होती. चाळिशीला टेकली होती, लग्न झालेलं नव्हतं. सकाळी दोघांचा स्वयंपाक उरकून ती स्कूटी काढायची ती दिवेलागणीलाच परतायची. दिवसभर यज्ञेश्वरराव आणि जिरी.

जिरी म्हणजे मांजर. शेजारच्या हंसाबाईंच्या सरपणात एका मांजरीनं पिल्लं घातली होती. बाकीची कुत्र्यांनी नेली, एक उरलं, ते यज्ञेश्वररावांनी धोतराच्या जुन्या पानात गुंडाळून घरी आणलं. अंगभर जिरं सांडल्यासारखे ठिपके होते. ज्या माणसानं पोटच्या मुलीला कधी मांडीवर घेतल्याचं कोणाला आठवत नव्हतं, तो माणूस आता दुधावरची साय बोटावर घेऊन मांजराला चाटवायचा. गेलेल्या बायकोच्या बारीक दातांच्या फणीनं जिरीचे केस विंचरायचा. "काय म्हणता जिरीबाई, आज उंदीर नाही का?" असं विचारून उत्तराची वाट पाहायचा.

हंसाबाई हसायच्या. "साहेब म्हातारपणी माणसात आले," असं शाल्मलीला कुंपणावरून सांगायच्या. शाल्मलीही हसायची. तिचं त्यात काही बिघडत नव्हतं.

निवडणुकीच्या प्रशिक्षणासाठी तिला कळंबला जावं लागलं, तिथे संघदीप भेटला.

संघदीप मूळचा महागावचा. बऱ्याच वर्षांपूर्वी तो तलाठी म्हणून नवीन लागला, तेव्हा कामानिमित्त पुसदच्या कचेरीत यायचा. तिथेच दोघांची ओळख झाली, पुढे दोघांनी लग्नाचं ठरवलं. शाल्मलीनं घरी सांगितलं. मुलगा बौद्ध आहे, हेही सांगितलं. शोभा रडली. यज्ञेश्वरराव मात्र आवाज चढवून बोलले नाहीत. "मला आठ दिवस दे," म्हणाले. "मी स्वतः जातो महागावला. मुलीच्या बापानं जायचं असतं." आणि खरंच गेले. संध्याकाळी परत आले, पाय धुतले, आणि म्हणाले, "मी हात जोडले त्यांच्यापुढे. त्याची आई तयार नाही. त्यांना त्यांच्यातलीच मुलगी हवी. तो समोर बसला होता, एक शब्द बोलला नाही."

शाल्मलीनं संघदीपला फोन लावला. त्यानं उचलला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, तोही उचलला नाही. तिसऱ्यांदा लावायला तिचा अभिमान आडवा आला. नंतर दोन-तीन स्थळं आली. यज्ञेश्वररावांना कोणात काही, कोणात काही खटकलं. पुढे स्थळं येईनाशी झाली.

कळंबच्या त्या हॉलबाहेर चहाच्या टपरीजवळ संघदीपनंच तिला हाक मारली. केस पिकले होते, चष्मा आला होता. पूर्वी तो तिला अगं-तुगं करायचा, आता "तुम्ही" म्हणाला. त्याला दोन मुली आहेत, आई इंदूबाई गेल्या वर्षी वारली, असं सगळं त्यानं सांगितलं. मग कागदी कपातला चहा हलवत म्हणाला, "बाबा बरे आहेत ना तुमचे? भला माणूस. त्यावेळी घरी आलते, आमच्या मायच्या हातचा चहा घेतला, चांगले तासभर बसले. तुमचं मन बदललं हे त्यांनी येऊन सांगितलं म्हणून बरं झालं, नाही तर मी येड्यासारखा वाट पाहत बसलो असतो."

शाल्मलीनं हातातला कप टपरीच्या फळीवर ठेवला.

"तुमचे फोन आलते मले," तो पुढे म्हणाला. "पण तेच म्हणाले होते, तिचा फोन आला तर उचलू नका, तिला त्रास होतो, ती आजारी पडते. म्हणून नाही उचलले. राग नका ठेवू."

"नाही," शाल्मली म्हणाली. "राग कशाचा."

खरं काय ते तिनं त्याला सांगितलं नाही. सांगून त्या दोन मुलींच्या बापाला काय द्यायचं होतं? कळंबहून यवतमाळ आणि यवतमाळहून पुसद, एस.टी.त खिडकीशी बसून ती आली. घरात शिरली तेव्हा यज्ञेश्वरराव ओसरीवर बसून जिरीचे केस विंचरत होते. "फार उशीर झाला गं. जिरी सारखी दाराशी जाऊन बघून येत होती," ते म्हणाले.

जिरी त्यांच्या मांडीवर उताणी पडली होती आणि पंज्यांनी फणी धरायला बघत होती. शाल्मली बराच वेळ ते पाहत उभी राहिली. मग हातपाय धुऊन तिनं कुकर लावला.

त्याच आठवड्यात तिनं दोन गोष्टी केल्या. यवतमाळला बदली मिळावी म्हणून अर्ज दिला, आणि मोबाईलवरून मांजराच्या अंगात घालायचा लाल पट्टा आणि दोरी मागवली.

"हे काय?" पार्सल उघडल्यावर यज्ञेश्वररावांनी विचारलं.

"जिरीला फिरायला न्यायचं. लोक नेतात आता. गल्लीतल्या कुत्र्यांनी परवा एक बोका फाडला, पाहिलंत ना? ही कधी भिंतीवरून उतरली तर? दोरीची सवय लागली तर तुम्हीच तिला संध्याकाळी बागेपर्यंत नेऊ शकाल. तुमचंही फिरणं होईल."

यज्ञेश्वररावांचा चेहरा उजळला. शोभा गेल्यापासून मुलीनं त्यांच्यासाठी असं आपणहून काही आणलेलं नव्हतं.

शाल्मलीनं सगळं शांतपणे केलं. पहिले काही दिवस पट्टा नुसताच जिरीच्या ताटलीशेजारी ठेवला, म्हणजे जेवण आणि पट्टा हे जिरीच्या लेखी एकच व्हावं. मग तो तिच्या पाठीवर नुसता टाकला आणि काढला. मग एका रविवारी अंगात घालून बक्कल लावलं. जिरी तिथल्या तिथे कुशीवर कोसळली. पाय लांब करून, डोळे उघडे ठेवून, मेल्यासारखी पडून राहिली.

"काढ ते, काढ," यज्ञेश्वरराव घाईनं खुर्चीतून उठले. "तिला वात आला बघ."

"काही होत नाही बाबा. सगळ्या मांजरी असंच करतात. अंगाला काही बांधलं की त्यांना वाटतं आता हलताच येणार नाही. तुम्ही बसा."

थोड्या वेळानं जिरी पोटावर सरपटत, उलटी उलटी सरकत पलंगाखाली गेली. शाल्मलीनं तिला ओढलं नाही. जमिनीवर पालथी झोपून तिनं बाजारातून आणलेली कोंबडीच्या मांसाच्या, खिरीसारख्या पातळ खाऊची पुडी फोडली आणि हात पलंगाखाली धरला. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अंडंदेखील शिजलं नव्हतं. वासानं यज्ञेश्वररावांनी नाकाला उपरणं लावलं, पण जिरीसाठी गप्प बसले. जिरी बाहेर आली. तिनं शाल्मलीचं बोट चाटलं, मनगट चाटलं, पुडी चाटली. सायीवर अशी ती कधी तुटून पडली नव्हती.

"आता एक करावं लागेल," शाल्मली त्या रात्री पानं वाढताना म्हणाली. "तिला दिवसभर तुम्ही दूध-साय देऊ नका. पोट भरलेलं असलं की ती शिकत नाही. खाणं फक्त पट्टा घालून, माझ्या हातून."

"दिवसभर उपाशी ठेवायचं?"

"सकाळी मी देऊन जाईन ना. आणि मांडीवर घेऊ नका. तिचा गोंधळ होतो. एकानं शिकवायचं आणि दुसऱ्यानं लाडावून ठेवायचं, असं केलं तर जनावर कधीच शिकत नाही."

यज्ञेश्वररावांना ते पटलं नाही. पण बोक्याला फाडलेलं त्यांनी स्वतः पाहिलं होतं. त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी जिरी सवयीनं त्यांच्या पायाशी येऊन अंग घासायची आणि मांडीवर उडी घ्यायची. ते तिला दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवायचे. ती पुन्हा चढायची, ते पुन्हा खाली ठेवायचे. हंसाबाईंनी एकदा कुंपणावरून हे पाहिलं.

"काहून ढकलून राह्यले साहेब बिचारीले?"

"शिकते आहे ती," यज्ञेश्वरराव म्हणाले. "तिच्या भल्याचंच आहे."

ती सारखीच येत राहिली तेव्हा त्यांनी मांडीवर वर्तमानपत्र पसरून बसायला सुरुवात केली. कागदाचा आवाज जिरीला आवडायचा नाही. हळूहळू तिनं येणं सोडलं. संध्याकाळी स्कूटीचा आवाज आला की ती दाराकडे धावायची, आणि यज्ञेश्वरराव ओसरीवर बसून तिचं शेपूट वर झालेलं पाहायचे. शाल्मली आत येताना एकदा त्यांच्या चेहऱ्याकडे बघून घ्यायची. दिवसभरात तेवढंच एक तिला हवं असायचं.

दिवाळीच्या सुमारास जिरी अंगणात दोरीनं चालू लागली. मग फाटकाबाहेर, मग गल्लीच्या टोकापर्यंत. दोरी सैल असली की ती पुढे, थोडी ताणली की थांबायची, वळून शाल्मलीकडे बघायची, पुडी मिळाली की पुन्हा चालायची. गल्लीतली पोरं बघायला जमायची. यज्ञेश्वररावांनी याच दरम्यान कॅनव्हासचे नवीन बूट आणले. बागेत जायचं म्हणून.

"आज माझ्याकडे दे दोरी," एका संध्याकाळी ते बूट घालून तयार होऊन म्हणाले.

शाल्मलीनं दोरीची कडी त्यांच्या हातात दिली. यज्ञेश्वरराव फाटकातून बाहेर पडले. जिरी उंबऱ्यात बसली. "चला जिरीबाई," ते म्हणाले. जिरी हलली नाही. त्यांनी दोरी जराशी ओढली. जिरीनं अंग चोरलं, कान पाडले आणि मान फिरवून शाल्मलीकडे पाहिलं.

"ओढू नका बाबा. ओढल्यानं येत नाही ती."

"मग काय करू?"

"काही नाही. तिला यायचं नाहीये तुमच्याबरोबर."

गल्लीत पोरं उभी होती. यज्ञेश्वररावांनी दोरी परत दिली. शाल्मलीनं नुसती जीभ टाळूला लावून चुक्‌ केलं आणि जिरी उठून तिच्या पायाशी चालू लागली. दोघी गल्लीच्या टोकाला जाऊन वळेपर्यंत यज्ञेश्वरराव नव्या बुटांत फाटकाशी उभे होते.

बदलीचा आदेश आल्यावर तिनं सामान बांधायला घेतलं आणि मगच सांगितलं. यवतमाळला खोल्या बघून झाल्या होत्या, छोटा टेम्पो त्याच संध्याकाळी यायचा होता. यज्ञेश्वररावांनी बांधलेल्या सामानाकडे पाहिलं. मुलीनं कुठे जावं यावर आता बोलण्याचं त्यांचं वय राहिलेलं नव्हतं, हे त्यांना कळत होतं. डब्याचं हंसाबाई बघतील, असं तिनं सांगितलं, त्यालाही ते हो म्हणाले.

"जिरीला इथलीच सवय आहे म्हणून बरं," ते म्हणाले. "नाही तर तुला तिकडे नोकरी सांभाळून..."

"जिरी माझ्याबरोबर येणार आहे."

"अगं, मांजर घर धरतं. माणूस नाही धरत."

"ही दोरी धरते आता," शाल्मली म्हणाली.

यज्ञेश्वररावांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तुला मांजरांची आवड कधीच नव्हती. तुझ्या आईनं एक आणलं होतं, तर तुला शिंका यायच्या. तू हिला का नेते आहेस?"

"कळंबला संघदीप भेटला होता. प्रशिक्षणाला."

हंसाबाईंच्या अंगणात कोणीतरी भांडी घासत होतं, त्याचा आवाज येत होता. यज्ञेश्वररावांनी नाकारलं नाही. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"तुझ्या भल्यासाठी केलं मी," ते म्हणाले. "त्या काळी मला तसंच वाटत होतं."

"हो ना. मीही जिरीच्या भल्यासाठीच करते आहे."

"मला शिव्या दे तू. मार. पण हिला ठेव. मला दुसरं कोण आहे?"

शाल्मलीनं खुंटीवरचा लाल पट्टा काढला. बक्कल वाजताच जिरी आतल्या खोलीतून धावत आली आणि आपण होऊन मान पुढे केली. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी थांबला होता. तिथवर जिरी दोरीनं चालत गेली. तिला उचलावंही लागलं नाही.

यवतमाळला दारव्हा रोडच्या एका इमारतीत शाल्मली दुसऱ्या मजल्यावर राहू लागली. यज्ञेश्वरराव रोज सकाळी फोन करायचे. तिची चौकशी एका वाक्यात उरकून म्हणायचे, "जिरी कशी आहे? तिच्या कानाला लाव जरा." शाल्मली फोन टेबलावर पालथा ठेवायची. पलीकडून "जिरीबाई, अहो जिरीबाई" असं येत राहायचं. जिरी खिडकीत बसून कबुतरं बघत असायची. मग शाल्मली फोन उचलून म्हणायची, "नाही ओळखत ती तुमचा आवाज."

तरी फोन थांबले नाहीत. एके दिवशी कचेरीत साहेबांनी तिला चारचौघांत झापलं होतं, डोकं दुखत होतं, आणि पुन्हा तोच फोन आला. "कानाला लाव जरा."

"गेली ती," शाल्मली म्हणाली.

"कुठे गेली?"

"मेली, बाबा. खाली जाऊन काहीतरी खाल्लं. सकाळी उठले तर गार पडली होती."

ती हे बोलत असताना जिरी तिच्या पायाशी बसून पंजा चाटत होती.

"पुरलं ना नीट?" यज्ञेश्वररावांनी विचारलं. "कचऱ्यात नाही ना टाकलं?"

"पुरलं. इमारतीच्या मागे."

"मी येतो."

ते येतील असं तिला वाटलं नव्हतं. गुडघ्यांमुळे वर्षभरात ते पुसदबाहेर पडले नव्हते. पण रविवारी ते एस.टी.नं आले, हातात कापडी पिशवी घेऊन. आदल्या संध्याकाळीच शाल्मलीनं जिरीला खालच्या मजल्यावर राहणाऱ्या, कॉलेजात शिकणाऱ्या पायलकडे ठेवलं. "वडील येताहेत, त्यांना मांजराचा त्रास होतो," असं तिला सांगितलं.

इमारतीच्या मागे नळाचं काम करणाऱ्यांनी खणून बुजवलेली जागा होती. शाल्मलीनं ती दाखवली. यज्ञेश्वररावांनी चपला काढल्या. गुडघे वाकत नव्हते म्हणून भिंतीला धरून ते अर्धवट ओणवे झाले आणि मातीवर हात ठेवला. पिशवीतून त्यांनी स्टीलचा छोटा डबा काढला, मुलगी बघते आहे हे लक्षात आल्यावर तो पुन्हा आत ठेवला.

"हाल झाले का तिचे?"

"नाही."

"तेवढं बरं."

शाल्मलीला त्या वेळी आनंद व्हायला हवा होता. इतके महिने तिनं याचीच वाट पाहिली होती. ती वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत उभी राहिली. "वर चला, चहा करते," म्हणाली.

चहा झाला. परतीच्या गाडीची वेळ झाली तेव्हा ती ऑटो आणायला नाक्यावर गेली. यायला जरा वेळ लागला. परत आली तर यज्ञेश्वरराव खाली फाटकाशी पिशवी घेऊन उभे होते. स्टँडवर तिनं त्यांना खिडकीजवळची जागा धरून दिली. "थंडी पडते आहे. दार नीट लावून झोपत जा," ते म्हणाले. गाडी सुटली.

ती जिरीला आणायला गेली तेव्हा पायलनं जिरीबरोबर तो स्टीलचा डबाही तिच्या हातात दिला. धुऊन पुसून ठेवला होता.

"हा कुठून आला?"

"तुमच्या बाबांनी देल्ला. तुम्ही ऑटोले गेलत्या तवा. ते जिन्यातून उतरून राह्यले होते, माह्यं दार उघडं होतं, जिरी वरडली तर तिथंच थांबले. किती वेळ पाहत उभे होते. मी म्हटलं आत या, घ्या हातात, तर नाही म्हणे. मग डबा देल्ला, एवढी साय तिले खाऊ घाल म्हणे. तुम्ही तर म्हणत होत्या त्याहिले मांजराचा त्रास होते?"

"होतो," शाल्मली म्हणाली.

वर येऊन ती डबा घेऊन बसून राहिली. आता फोन येईल आणि ते काय काय बोलतील याची तिनं मनात तयारी केली. शिव्या देतील, रडतील, जिरीला परत आणून दे म्हणतील. ती काय उत्तर देणार तेही तिनं ठरवलं. त्या दिवशी फोन आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला आला. नीट पोचलो म्हणाले. हंसाबाईंनी मेथीची भाजी आणून दिली म्हणाले. तिचं जेवण, तिची कचेरी, पाण्याचा टँकर येतो का, हे विचारलं. तिसऱ्या दिवशीही तेच. आठवडा गेला, पंधरवडा गेला. जिरीचं नाव त्यांनी काढलं नाही.

शेवटी शाल्मलीलाच राहवेना. "बाबा," ती म्हणाली, "जिरी..."

"गेलेल्याचं काय बोलायचं," यज्ञेश्वरराव मध्येच म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता, महागावहून परत आले त्या संध्याकाळी होता तसाच. "तू सांगितलंस, मी मानलं. ठेवतो आता. तुला उशीर होत असेल."

त्यांनी फोन ठेवला. शाल्मलीनं लगेच परत लावला. घंटी वाजत राहिली, फोन उचलला गेला नाही. तिनं दुसऱ्यांदा लावला, तोही उचलला गेला नाही. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा ती लावत राहिली. कचेरीची वेळ टळून गेली.